एकाच रक्ताच्या दोघी

४ जून

ताई,

नमस्कार वगैरे धरून चाल. तुझे फोन मी मुद्दाम घेत नाहीये, रागावू नकोस. फोनवर तू "कशी आहेस" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते, मग दोघी गप्प, आणि मागून तुझी धाकटी काहीतरी मागत असते. त्यापेक्षा कागद बरा. तूही लिही.

पोटातलं गेलं हे ह्यानं तुला कळवलंच आहे. तिसऱ्यांदा. या वेळी ठोके दिसले होते, त्यामुळे सगळे जरा निर्धास्त झाले होते. पुढच्या तपासणीला गेले तेव्हा सोनोग्राफी करणारी मुलगी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी सुट्टीबद्दल बोलत होती. बोलता बोलता ती मध्येच थांबली. तेव्हाच मला कळलं. मग बाहेर येऊन बसले, ह्यानं पाणी आणलं, आणि पुढचं सगळं आम्हाला आता पाठच आहे.

कामावर जायला लागलेय. आमच्या दातांच्या लॅबमध्ये सगळे माझ्याशी इतकं जपून वागतात की त्याचाच शीण येतो. मालकांनी मला बसून करायचं काम दिलंय. कवळीसाठी मेणाची हिरडी करायची आणि तिच्यात एकेक दात बसवायचा. तोंड कुणाचं ते माहीत नसतं, समोर फक्त त्याचा प्लास्टरचा साचा. सगळे दात एका ओळीत लावले तर कवळी लगेच खोटी दिसते. एखादा जरा वाकडा लावावा लागतो. हे मला जमतं. सध्या एवढंच जमतं.

रिपोर्ट सगळे चांगले आहेत. माझे चांगले, ह्याचे चांगले, गर्भाशय चांगलं, साखर चांगली. डॉक्टरबाई म्हणाल्या, कितीतरी जणींमध्ये कारण सापडतच नाही. आणि कारण नाही म्हटलं की जो तो आपापलं घेऊन येतो. सासूबाईंच्या मते मी जिने चढले. शेजारच्या बाईंच्या मते लग्न उशिरा केलं. लॅबमधला एक जण प्लास्टरच्या धुळीवर अडून बसलाय. मी तरी काय वेगळी? पहिल्या वेळी ह्याच्याशी भांडले होते, दुसऱ्या वेळी जड पिशवी उचलली होती. या वेळी मी काही म्हणजे काही केलं नव्हतं, तर आता वाटतं तेच चुकलं असेल.

डॉक्टरबाईंनी एका संशोधन केंद्राचा पत्ता दिलाय. रोगांशी लढणारी आपल्या शरीरातली जी जनुकं असतात, ती माणसागणिक थोडी वेगळी असतात म्हणे. त्या वेगळेपणाचा आणि असं विनाकारण मूल जाण्याचा काही संबंध आहे का, ते तिथले लोक शोधतायत. आम्ही दोघांनी रक्त द्यायचं, बाकी काही नाही. देऊ का? मला आता कशाचं काही ठरवता येत नाही.

तुझी
ठमी


१५ जून

ठमे,

द्यायचं तर दे रक्त, पण आधी अंगात थोडं भर. हल्लीच्या फोटोत तुझी मान दिसते, बाकी कपडेच दिसतात.

ते भांडण, ती पिशवी वाचून मला तुझ्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. मधला पोटात असताना मी शेवटच्या महिन्यापर्यंत लोकांना गाडी शिकवत होते. शिकाऊ माणूस क्लच सोडतो तेव्हा कसा गचका बसतो तुला माहीत आहे, आणि तसे दिवसभर. त्याला काही झालं नाही. हे लिहून झालं आणि वाटलं, लिहायला नको होतं. पण खोडत नाही. खोडलं तर तू कागद उजेडात धरून वाचशील, मी ओळखते तुला.

ते जनुकांचं मला नीट कळलं नाही. म्हणजे आपल्याच शरीराचे शिपाई आपल्याच लेकराला शत्रू समजतात, असं का? तुझ्या बाबतीत मला नाही पटत. तू भांडी घासताना मुंगी दिसली तर नळ बंद करणारी. पण तुला मनाची शांती मिळणार असेल तर जा.

आमच्याकडे सध्या एक निवृत्त न्यायाधीश शिकायला येतात. प्रत्येक वळणाला गाडी उभी करतात आणि दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखे डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, आणि निकाल काही देत नाहीत. मागे हॉर्नचा गोंधळ. काल म्हटलं, साहेब, वळा आता, लागलाच तर दंड मी भरते. हसले जरा.

तुझ्या मोजणीदार नवऱ्याला सांग, जमिनी कुठे पळून जात नाहीत. दोन दिवस बायकोजवळ बसा म्हणावं.

ताई


९ ऑगस्ट

ताई,

सापडलं.

म्हणजे रोग नव्हे, पण काहीतरी आहे. काल केंद्रात बोलावलं होतं. तिथे रिपोर्ट समजावून सांगायलाच एक बाई असतात. त्यांनी कागदावर गोल काढून दाखवलं. मूल म्हणजे अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं. आईच्या शरीराला ते अर्धं परकंच. तरी शरीर त्याला हाकलून देत नाही, कारण गर्भाशयातल्या रक्षण करणाऱ्या पेशी आणि बाळाकडच्या पेशी एकमेकींशी जमवून घेतात. तुझे शिपाई मारत वगैरे नाहीत, उलट त्या पेशींची तिथे मदत लागते. या जमवून घेण्यात ज्या जनुकांचा हात असतो, त्यांतल्या एकाचा एक निराळा प्रकार माझ्यात आहे. दोन्ही प्रती तशाच. एक आईकडून आलेली, एक बाबांकडून.

मी तिथेच रडले. बाईंना वाटलं, मला धक्का बसला. त्यांनी रुमाल दिला, हात धरला. त्यांना कसं सांगू की मला डोक्यावरून हंडा उतरवल्यासारखं वाटत होतं. भांडण नव्हतं, पिशवी नव्हती, जिना नव्हता. मी जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं.

बाई असंही म्हणाल्या की हा प्रकार असलेल्या बायकांत असं होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलंय, तेही सगळ्या अभ्यासांत नाही, आणि एवढ्यावरून एखाद्या बाईचं पुढे काय होईल ते सांगता येत नाही. दोनदा म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यांना तसं म्हणावंच लागत असेल.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जिन्याचं काही नव्हतं." म्हटलं, नव्हतं. त्या उठल्या आणि माझ्यासाठी चहा ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा.

ह्याला म्हटलं, आता पुरे. रक्तातच असेल तर पुन्हा पुन्हा डोकं आपटून काय उपयोग. तो म्हणाला, "पण बाई म्हणाल्या ना, नक्की तसं काही नाही." मी रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवला. त्यानं वाचला आणि घडी घातली. सकाळी मोजणीला निघून गेला.

एक काम आहे. त्यांना अशा बहिणीही हव्यात ज्यांना मुलं सुरळीत झालीत, तुलना करायला. तुझ्या गावात त्यांचं रक्त घेणारं केंद्र आहे. देशील? तुझ्यात ते नसणार हे उघडच आहे, पण त्यांना तपासून हवं असतं.

ठमी


२७ ऑगस्ट

ठमे,

दिलं रक्त. सुई टोचायला आला तो माझाच जुना विद्यार्थी. परीक्षेत नापास झालेला. मला बघून त्याच्या हातून कापसाचा बोळाच पडला. "मॅडम, मूठ हळूहळू सोडा," म्हणाला. मी म्हटलं, बाबा, क्लच असाच सोडला असतास तर पास झाला असतास. तरी शीर एका झटक्यात शोधली त्यानं. माणसाला एखादीच गोष्ट येते.

रिपोर्ट आला की कळवते.

तुझ्या या पत्रातलं अक्षर सुटं आलंय. आधीच्या पत्रात सगळी अक्षरं एकमेकांना चिकटून बसली होती, जशी थंडीत कुत्र्याची पिल्लं. मी ते पत्र तुझ्या भाऊजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगी वाचली. सासूबाईंच्या चहाचं तेवढं मी पुन्हा वाचलं. अशीच राहा आता. झोप येते का?

ताई


३ नोव्हेंबर

ताई,

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. थोरलीची परीक्षा, धाकटीचा ताप, हे सगळं ह्याला भाऊजींकडून कळतं. मला तुझ्याकडून काही कळत नाही. तुझा रिपोर्ट आला का?

इथे तसं बरं चाललंय. ह्याच्या मावसभावाकडे बारसं होतं. गेले होते. कुणी काही विचारायच्या आत मी सांगून टाकते हल्ली, माझ्या जनुकांत आहे. लोक "अरेरे" म्हणतात आणि ताट पुढे करतात. सोपं झालंय. ह्यानं मात्र परवा पुन्हा विषय काढला. म्हणाला, एकदाच, शेवटचं. मी कपाटातून रिपोर्ट काढला. तो म्हणाला, "तो कागद नको, तू बोल." मी तो परत कपाटात ठेवला.

लिही.

ठमी


११ नोव्हेंबर

ठमे,

अगं, वेळच होत नाही. धाकटीचा ताप उतरला तर मधल्याला आला. गाडीचा आरसा एका शिकाऊ बाईंनी खांबाला लावून फोडला, वर म्हणाल्या की खांब पुढे आला. न्यायाधीश पास झाले, पेढ्यांऐवजी पेन देऊन गेले. घरात रंगकाम काढलंय, सगळं सामान मधोमध गोळा करून ठेवलंय आणि आम्ही त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत जेवतो. तुझ्या भाऊजींची कंबर धरलीय. थोरलीला दुसऱ्या गावी शिकायला जायचंय, त्यावर रोज सभा.

रिपोर्टचं म्हणशील तर माझा नमुना खराब झाला म्हणे. परत बोलावतील तेव्हा जाईन. त्यात काय एवढं, तुझं तर कळलं ना. तब्येतीला जप.

ताई


१९ नोव्हेंबर

ताई,

खरं बोलताना तू तीन ओळी लिहितेस. खोटं बोलायचं असलं की घराला रंग लावतेस.

काल केंद्रात गेले होते. बाईंनी सहज विचारलं, "ताईंशी बोलणं झालं का त्यांच्या रिपोर्टबद्दल?" मी विचारलं, आलाय का? त्यांनी जीभ चावली. म्हणाल्या, तो त्यांचा आहे, मला सांगता येणार नाही. म्हणजे आलाय. नमुना बिघडलेला नाही.

मी विचार केला, तू का लपवशील? थोरली लग्नाची होत आली. घराण्यात असलं काही आहे हे बाहेर पसरायला नको, मावशीचं नाव त्यात नको, हेच ना? तसं असेल तर सरळ सांग. मी कुणाला सांगत फिरणार नाही. तुझ्याकडच्या कार्याला येणारही नाही. आजवर बायकांनी डोहाळजेवणाला मला मागे बसवलं, तेव्हा तूच त्यांच्याशी भांडली होतीस. तेव्हा तुझ्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं बहुतेक.

हे पत्र टाकू नये असं वाटतंय, म्हणून लगेच टाकते.

ठमी


२८ नोव्हेंबर

ठमे,

तीन ओळींत लिहिते.

माझ्यातही तेच आहे. दोन्ही प्रती, अगदी तुझ्यासारख्याच. इथल्या केंद्रातल्या बाईंनी मला दोनदा समजावून सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

झाल्या तीन ओळी. आता बाकीचं. रिपोर्ट मिळाला तो सप्टेंबरात. मी बाहेर येऊन गाडीत बसले, तर चुकून शिकाऊ माणसाच्या जागेवर बसले. पुढच्या विद्यार्थ्याला तिथेच बोलावलं होतं, तो येऊन खिडकीपाशी उभा राहिला, त्याला कळेना बसायचं कुठे. एकाच आईबापाच्या दोन मुली, तेच रक्त, तोच प्रकार. मला हसतखेळत तीन आणि तुला तीनदा रिकामे हात. मला त्या कागदाची लाज वाटली. चोरी करून सापडल्यासारखी.

तुला एक कारण मिळालं होतं गं. सासूबाईंनी चहा केला, तुझं अक्षर सुटलं, तू बारशाला जायला लागलीस. आणि मी तुला काय सांगू? की तेवढ्यानं काही होत नाही, माझ्याकडे बघ? ते पत्र मी दोनतीनदा लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी वाटलं, मी तुझ्या अंगावरचं पांघरूण ओढतेय.

थोरलीच्या लग्नाचं म्हणालीस ते लागलं. पण तेही सगळंच खोटं नाही. माझ्याकडून एकेक प्रत तिन्ही पोरांत गेली असणारच. थोरलीला सांगावं का, कधी सांगावं, मला कळत नाही. तुझे भाऊजी म्हणतात, आत्ताच कशाला तिच्या डोक्याला भुंगा. मीही घाबरले, हे खरं.

आणि तू भांडायलाच बसली आहेस तर माझंही ऐक. मी दमलेय. तुझ्यासमोर माझी पोरं लपवून दमलेय. तुझ्याकडे येताना धाकटीला घरी ठेवते, फोनवर कुणाच्या बक्षिसाचं सांगत नाही, मधला उंच झाला तरी सांगत नाही. तू कधी तसं म्हणाली नाहीस, माहीत आहे. तरी दमलेय.

ताई


६ जानेवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला. तुझं पत्र आल्यावर आठवडाभर माझं कामात लक्ष नव्हतं. एका कवळीत वरचे दात खाली लावले. मालकांनी ते काढून माझ्यापुढे ठेवले.

आधी तुझा राग आला. त्यानंतर केंद्रातल्या बाईंचा. तशीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, माझ्या बहिणीला तीन मुलं कशी झाली? त्या म्हणाल्या, "हा प्रकार असलेल्या पुष्कळ बायकांना होतात. मी तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला." म्हटलं, मग माझं का नाही? त्या म्हणाल्या, "माहीत नाही. अजून कुणालाच नीट माहीत नाही." इतकं सरळ म्हणाल्या की मला पुढे भांडताच येईना. त्यांच्या टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा होता. दिवसभर माझ्यासारख्याच येत असतील.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. मला रडू कशाचं येत होतं? कारण गेलं म्हणून नाही. आता घरी जाऊन ह्याला हे सांगावं लागेल, म्हणून. कारण हे ऐकल्यावर तो काय म्हणणार, हे मला ठाऊक होतं.

तरी बरेच दिवस सांगितलं नाही. मग एकदा तो मोजणीवरून आला, दारात बसून बूट काढत होता, तेव्हा सांगून टाकलं. एक बूट पायात तसाच ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे होऊ शकतं."

म्हटलं, "हो, होऊ शकतं. पण मला नको."

"भीती वाटते म्हणून?"

"भीती वाटतेच. पण मी दमलेय. रिपोर्ट आला नसता तरी मला नकोच होतं. मला परत त्या टेबलावर जाऊन झोपायचं नाहीये."

ताई, हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते, स्वतःपाशीही नाही. मला वाटायचं, नको म्हणायला काहीतरी भक्कम लागतं, कुणाच्या तरी सहीशिक्क्याचं. नुसतं दमले म्हटलं तर बाईला कोण सोडतं? तो रिपोर्ट हातात आला तेव्हा मी रडले ते त्यासाठी. मला कारण नको होतं, सुट्टी हवी होती.

त्यानं पायातल्या बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "मला हवं होतं."

म्हटलं, "माहीत आहे."

"अजून बरेच दिवस हवंसं वाटणार. तुझा रागही येईल कदाचित."

"येऊ दे. पण घरात राहून येऊ दे. लगेच मोजणीला जाऊ नकोस."

त्यानं दुसरा बूट काढला. त्या आठवड्यात गेला नाही. आमच्यात सगळं गोड झालंय असं नाही. परवा जेवताना त्यानं ताट जरा जोरात सरकवलं, ते कशासाठी हे मला कळलं, आणि मी जेवत राहिले. पण रविवारी दुपारी दोघं जे झोपलो ते दिवेलागणीलाच उठलो. सासूबाईंना वाटलं, आजारी पडलो. त्यांना तुझ्या रिपोर्टचं अजून सांगितलेलं नाही. सांगेन. परत जिन्याच्या कारणावर आल्या तर येऊ देत, मी जिन्यानंच जाणार आहे.

लग्नावरून तुला बोलले ते चुकलं. आणि मधला किती उंच झाला ते लिही. धाकटीला घरी ठेवून यायचं बंद कर. मला त्रास होईल कधीतरी, तेव्हा मी उठून आत जाईन. तू मागे येऊ नकोस, तिच्याशी खेळत राहा.

थोरलीचं विचारलंस. मला विचारशील तर तिला सांग. शिकायला जायच्या आधी, एखाद्या दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना. पण आपल्या दोघींचं सांग. मावशीचं तीनदा गेलं हे सांग आणि त्याच रक्ताची तू गचके खात मधल्याला घेऊन फिरलीस हेही सांग. नुसतं माझं ऐकलं तर ती घाबरून जाईल. नुसतं तुझं ऐकलं आणि उद्या तिचं काही बिनसलं, तर ती पिशव्या आणि जिने मोजत बसेल.

ती विचारेल, मग माझं काय होणार? तिला सांग, आम्हाला माहीत नाही. गप्प बसेल जरा. बसू दे. तूही तिच्याजवळ बस.

तुझी
ठमी